बालकांची कालजाणीव व प्रश्नपरीक्षा

दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेपैकी प्रश्नपरीक्षा बालरुग्णात विशेष बिकट ठरते. कारण प्रौढांची कालगणना बालकाजवळ नसते. तीन-चार वर्षांचे मूल ‘काल’ म्हणते तेव्हा त्यास कोणताही गत दिवस अभिप्रेत असू शकतो. जाँ पियाजे यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले आहे, की दोन बाहुल्या एकाच वेळी निघून एकाच वेळी थांबल्या, तरी जी अधिक दूर गेली तीच अधिक वेळ चालली, असे लहान मुले मानतात. अंतर व कालावधी यांतील भेद साधारणतः आठव्या-नवव्या वर्षी स्पष्ट होतो. नित्य दिनक्रमातील घटनांचा क्रम मात्र चार-पाच वर्षांच्या मुलासही उमगतो.

म्हणून उदरशूल असलेल्या बालकास ‘किती दिवस दुखते?’ असे न विचारता ‘शाळेत जाण्यापूर्वी दुखत होते का? जेवणाआधी की नंतर?’ असे विचारावे. कालावधी मातेकडून पडताळावा. अतिसारात शेवटचे मूत्रविसर्जन केव्हा झाले, हे जलक्षयाचा अंदाज बांधताना महत्त्वाचे असते. तेथे बालकाचे ‘आत्ताच’ प्रमाण मानल्यास चिकित्सेचे मोलाचे तास निसटतात.