काविळीवर मालिश: कितपत खरं?

‘डॉक्टर, अंगाला तेल कधीपासून लावायचं?’ अपुऱ्या दिवसांची बाळं ठेवतात त्या विभागाच्या दारात आज्यांचा हा प्रश्न ठरलेला असतो. उत्तरही ठरलेलं: ‘इतक्यात नाही.’ आजीला वाटतं, या शिकलेल्यांना मालिशीची किंमत नाही. तसं नाही. मालिशीनं बाळाची कावीळ उतरते का, हेसुद्धा डॉक्टरांनी तपासून पाहिलं आहे.

मोठ्यांची कावीळ बहुतेकदा यकृताच्या आजारानं होते. नवजात बाळाचं सहसा तसं नसतं. त्याच्या रक्तात तांबड्या पेशी भरपूर असतात आणि त्या लवकर मोडतात. त्यातून पिवळं बिलिरुबिन तयार होतं. यकृतानं ते पित्तावाटे आतड्यात सोडायचं, पण ३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाचं यकृत या कामाला अजून कच्चं असतं. शिवाय आतड्यात पोचलेलं बिलिरुबिन शीवाटे बाहेर पडलं तरच सुटका. शी रखडली की त्यातलं बरंच पुन्हा रक्तात शोषलं जातं. पहिली काळपट हिरवी, चिकट शी बिलिरुबिनानं भरलेली असते. या बाळांना दूध मिळतं नळीतून, थेंबाथेंबानं, आणि आतडीही सुस्त. मालिशीचा संबंध येतो तो इथे.

अमेरिकेत मायामीला संशोधक टिफनी फील्ड यांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दहा दिवस, दिवसातून तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटं मालिश. पाठ, खांदे, पाय चोळायचे, मग हातपाय हलकेच दुमडून सरळ करायचे. सगळं बाळाला उबेत ठेवायच्या पेटीच्या (इन्क्युबेटरच्या) खिडकीतून हात घालून. दूध इतरांइतकंच घेऊनही या बाळांचं वजन ४७ टक्के अधिक वाढलं आणि ती सहा दिवस आधी घरी गेली. पुढे असं दिसलं, की जरा दाब देऊन चोळलं की व्हेगस हा मज्जातंतू जागा होतो आणि जठराची हालचाल वाढते. नुसतं बोटं फिरवणं बाळाला गुदगुल्यांसारखं लागतं, त्याचा उपयोग नाही. (आपल्या मालिशवाल्या बाईला हे कुणी शिकवावं लागलं नसतं.) आपल्याकडे सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या अभ्यासात खोबरेल तेलाच्या मालिशीनं अशा बाळांचं वजन अधिक वेगानं वाढल्याचं २००५ मध्ये छापून आलं.

आतडी हलली की शी होते, शी झाली की बिलिरुबिन जातं. जपान, इराण, चीन इथल्या प्रयोगांत मालिश केलेल्या बाळांना शी अधिक वेळा झाली आणि बिलिरुबिन काहीसं कमी राहिलं. पण हे प्रयोग बहुतेक लहान आहेत, आणि जपानमधला तर पूर्ण दिवसांच्या बाळांवरचा. त्यामुळे मालिश जोडीला चालेल, पण मुख्य उपचार म्हणजे बाळाच्या अंगावर सोडलेला निळा प्रकाशच.

त्या प्रकाशाची गोष्टही एका परिचारिकेच्या हट्टाची आहे. इंग्लंडमधल्या रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणात उन्हात नेत. १९५६ मध्ये त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडं करून दाखवलं: सगळं अंग फिकट, फक्त चादरीच्या कोपऱ्याखाली झाकलेला त्रिकोण पिवळाधमक. दोन वर्षांनी त्याच रुग्णालयातून प्रकाशोपचाराचा पहिला शोधनिबंध निघाला. म्हणून घरी कोवळ्या उन्हात ठेवून भागेल असं मात्र नाही. उन्हाची मात्रा मोजता येत नाही आणि एवढंसं बाळ उघड्यावर पटकन गारठतं.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या मेंदूला कमी बिलिरुबिनही बाधतं. कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. म्हणून मालिश हवी तर बाळ स्थिरावल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, परिचारिकेकडून शिकून आईनंच करावी. तेल कोणतं, तेही विचारून घ्यावं. कागदासारख्या पातळ त्वचेवर डाळीचं पीठ चोळणं, कढत पाण्याची अंघोळ, शेक-धुरी हे काही नको. जन्मानंतर २४ तासांच्या आत पिवळेपणा दिसला, बाळ दूध ओढेनासं झालं, सारखं झोपून राहू लागलं किंवा शी पांढुरकी झाली, तर तेलाची वाटी बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.