पहिल्या रेघेआधीचा हिशेब

तापी खोऱ्याची रेल्वे १९०० च्या सुमारास पुरी झाली आणि खानदेशाला सुरतेचा दरवाजा उघडा झाला. त्या वाटेने यंत्रमागांवर कामाला आलेली आपली माणसे उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत स्थिरावली, आणि आता त्यांच्या नातवंडांची सदनिका घेण्याची वेळ आली आहे. सदनिकांच्या माहितीपत्रकावर हल्ली पुष्कळदा हिरव्या पानाचे एक चिन्ह असते आणि त्याखाली 'हरित इमारत' असे शब्द असतात. हे प्रकरण नेमके काय आहे, त्यामुळे विजेचे बिल खरोखर कमी येते का, असा प्रश्न घरातील कर्त्या माणसाला पडणे साहजिक आहे. आम्ही या विषयात जरा शिरून पाहिले, तेव्हा आमचे मत असे झाले, की प्रमाणपत्र आहे की नाही यापेक्षा त्यासाठीचा हिशेब केव्हा मांडला गेला, हे विचारणे अधिक मोलाचे आहे.

अशा प्रमाणपत्रांची प्रथा आपल्याकडे फार जुनी नाही. भारतीय उद्योग महासंघाने २००१ साली 'इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल' स्थापन केली. २००३ साली हैदराबादच्या सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरच्या इमारतीस अमेरिकन 'लीड' पद्धतीचे सर्वोच्च, म्हणजे प्लॅटिनम मानांकन मिळाले. पुढे २००७ साली केंद्र सरकारने 'टेरी' या संस्थेने घडवलेली 'गृह' ही स्वदेशी पद्धत स्वीकारली. तिच्यात एकपासून पाचपर्यंत तारे मिळतात. पद्धती निराळ्या असल्या तरी व्यवहार शाळेतल्या गुणपत्रिकेसारखाच. पाणी, ऊर्जा, साहित्य, घरातली हवा अशा विषयांत गुण मिळवायचे आणि बेरजेवरून श्रेणी ठरायची.

गोम येथेच आहे. यांतले काही गुण उशिराही विकत घेता येतात. कमी पाणी सोडणारे नळ, कमी वीज खाणारे दिवे, गच्चीवर सौर पट्ट्या, हे सारे रंगकाम चालू असतानाही बसवता येते. इमारतीचे तोंड कोणीकडे, तिची रुंदी किती, पश्चिमेच्या भिंतीत काच किती, चौकातून वारा खेळतो की नाही, या गोष्टी मात्र एकदा पाया खणला गेला की कायमच्या ठरून जातात. आणि घर तापणे न तापणे बव्हंशी यांवरच अवलंबून असते.

सुरतेचेच उदाहरण घेऊ. हे नगर कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे २१ अंश अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर असतो. मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत तो माध्यान्ही डोक्यावरून किंचित उत्तरेकडे कलतो. उंचावरचे हे ऊन अडवायला खिडकीवरचा साधा छज्जा पुरतो. पश्चिमेचे ऊन मात्र तिसऱ्या प्रहरानंतर तिरपे येऊन थेट पलंगापर्यंत पोहोचते, आणि त्याला छज्जा काही करू शकत नाही. म्हणून लांब बाजू उत्तर-दक्षिणेला आणि अरुंद बाजू पूर्व-पश्चिमेला ठेवावी. पण सुरतेत उन्हाळी-पावसाळी वारा बहुधा नैर्ऋत्येकडून, समुद्रावरून येतो. ऊन टाळायला एक दिशा बरी, वाऱ्याला दुसरी! आपल्या वाड्यांनी चौक, पडवी आणि जाड भिंती यांच्या जोरावर हा तंटा पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने मिटवला होता. बारा मजली इमारतीसाठी तसा वडिलोपार्जित अनुभव कोणापाशीच नाही.

ती उणीव संगणक भरून काढू शकतो. चार्ल्स ईस्टमन या अमेरिकन प्राध्यापकाने १९७५ सालीच नकाशांऐवजी संगणकात इमारतीचे वर्णन साठवण्याची कल्पना मांडली होती. तिचेच पुढे 'बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग', व्यवसायातल्या बोलीत 'बिम', झाले. साध्या नकाशात भिंत म्हणजे दोन रेघा. बिमच्या प्रतिरूपात भिंतीला विटेची जात, जाडी, किंमत, आणि उष्णता किती वाहते हेही ठाऊक असते. त्याला गावाच्या हवामानाची नोंद जोडली, की वर्षाच्या ८७६० तासांपैकी प्रत्येक तासाला कोणती खोली किती तापेल याचा अंदाज निघतो. इमारत दहा अंशांनी फिरवा, खिडकी लहान करा, हिशेब पुन्हा मांडा. हे सारे विटेला हात लागण्यापूर्वी. पॅट्रिक मॅक्लिमी या वास्तुशिल्पीने काढलेला एक आलेख या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. काम पुढे सरकते तसतशी बदल करण्याची मुभा उतरत जाते आणि बदलाचा खर्च चढत जातो, असे तो दाखवतो. पोराबाळांची लग्ने उरकलेल्या कोणाही गृहस्थाला हा आलेख समजावून सांगावा लागणार नाही.

सुरतेजवळ खजोद येथे, ड्रीम सिटीत, १७ डिसेंबर २०२३ रोजी उद्घाटन झालेले सुरत डायमंड बोर्स या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. दिल्लीच्या 'मॉर्फोजेनेसिस' या संस्थेने रचलेले हे संकुल म्हणजे पंधरा मजल्यांचे नऊ मनोरे आणि त्यांना जोडणारा मधला लांब कणा. क्षेत्रफळ ६५ लाख चौरस फुटांहून अधिक; अमेरिकेच्या पेंटॅगॉनपेक्षाही मोठे. हा कणा दोन्ही टोकांना नरसाळ्यासारखा रुंदावलेला आहे, तो वाहता वारा आत ओढून घेण्यासाठी. सामाईक जागा थंड राखायला फरशीखालच्या नळ्यांतून थंड पाणी खेळवले आहे. संकुलास प्लॅटिनम मानांकन लाभले. आता विचार करावा, की नरसाळे नंतर जोडता आले असते काय? फरशीखालच्या नळ्यांची जागा फरशी घालण्याआधीच ठरवावी लागते. शिवाय सुरतेसारख्या दमट हवेत फरशी प्रमाणाबाहेर गार झाली तर तिला घाम सुटतो. तेव्हा पाणी किती थंड ठेवायचे हा हिशेबही आधीचाच. तरीही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. उद्घाटनानंतर कित्येक महिने तिथली बहुतेक कार्यालये कुलूपबंदच होती, आणि निम्म्याहून रिकाम्या इमारतीच्या वीजबचतीचे कौतुक किती करावे, हा प्रश्न उरतोच.

दोन्ही साधने एकाच कामात वापरल्याचे उदाहरण महाराष्ट्रात नागपूर मेट्रोचे आहे. २०१९ साली धावू लागलेल्या या मेट्रोच्या बांधणीत 'पाच मितींचे' बिम वापरले गेले. लांबी, रुंदी, उंची, चौथी मिती वेळ, पाचवी पैसा. तिच्या कित्येक स्थानकांना प्लॅटिनम मानांकनही मिळाले. पाच मितींत उष्णतेचा समावेश नाही, हे मात्र आमच्या नजरेतून सुटले नाही. वेळ आणि पैसा यांचा हिशेब प्रत्येक कंत्राटदाराला आपसूक सुचतो. उकाड्याचा हिशेब त्यात राहणाऱ्यानेच मागावा लागतो.

प्रमाणपत्राच्या मर्यादाही ओळखून असावे. बांधकाम पुरे होण्याआधी, नकाशांच्या आधारे, पूर्वप्रमाणपत्र मिळू शकते, आणि ते जाहिरातीत वापरता येते. अंतिम प्रमाणपत्र ही निराळी गोष्ट आहे. प्रतिरूपही त्यात भरलेल्या गृहीतांइतकेच खरे. खोलीत दोन माणसे धरली आणि प्रत्यक्षात सहा राहिली, तर अंदाज कोलमडतो.

छोट्या बिल्डरला हा खटाटोप परवडत नाही, ही तक्रार अगदीच खोटी नाही. पण त्याच्यासाठीही एक वाट आहे. केंद्र सरकारच्या ऊर्जा-कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ साली 'इको निवास संहिता' जाहीर केली. भिंती आणि खिडक्यांतून घरात शिरणारी उष्णता, छत वगळून, प्रत्येक चौरस मीटरमागे सरासरी १५ वॅटपेक्षा जास्त नसावी, असे ती थंड प्रदेश सोडून सर्वत्र सांगते. हा आकडा काढायला मुख्यतः भिंतींचे साहित्य, खिडक्यांचे माप आणि दिशा अशी माहिती लागते, आणि ती पहिल्या कच्च्या नकाशावरच मिळते.

तयार सदनिका घेणाऱ्याला या सर्वांत फारसे बोलता येत नाही. फार तर माहितीपत्रकातील नकाशावर उत्तरेचा बाण आहे का, एवढे पाहता येते. मात्र सुरतेत आता जुन्या सोसायट्या पाडून नव्या बांधण्याचे दिवस आले आहेत. त्यांत आपल्या पुष्कळ कुटुंबांची घरे आहेत, आणि येथे रहिवासी नकाशा काढण्यापूर्वीच सभेला बसलेले असतात. चटई-क्षेत्र किती वाढवून मिळणार आणि गाडी कुठे उभी राहणार, यांवरच त्या सभा संपतात असे आमच्या कानी येते. किमान दोन-तीन पर्यायांचा उष्णतेचा हिशेब वास्तुशिल्पीने नकाशा दाखल करण्यापूर्वी सभासदांपुढे मांडावा, असे पहिल्याच सभेच्या इतिवृत्तात लिहवून घ्यावे आणि ते अट म्हणून करारात उतरवावे. कारण महापालिकेची मंजुरी मिळाल्यावर इमारतीची दिशा बदलायची म्हटले, तर नकाशा पुन्हा मंजूर करून घ्यावा लागतो, आणि भाड्याच्या घरात दिवस काढणाऱ्या सभासदांपैकी त्याला हात वर करणारा कोणी उरत नाही.