मँगनीजचा भाव

घरांतील स्टेनलेस पोलादाचें भांडें घासतांना त्यांत आपल्या नागपूर-भंडाऱ्याकडील काळा धोंडा उतरला असेल, असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. पोलाद करतांना त्यांतील गंधक व प्राणवायु यांचा दोष काढण्यास मँगनीज लागतें, आणि तें काम करणारा तितकाच स्वस्त दुसरा पदार्थ अद्याप सांपडलेला नाहीं. हलक्या किमतीच्या भांड्यांत तर महाग निकेलच्या ऐवजीं कांहीं अंशीं मँगनीजच घालतात.

ज्या रामटेकास कित्येक विद्वान् मेघदूतांतील रामगिरि मानतात, त्याच्या जवळच मनसर व कांद्री येथें या खाणी आहेत. कुबेराच्या त्या सेवकास पायांखालच्या धनाची वार्ता नव्हती, असें दिसतें! नागपूर जिल्ह्यांत खोदकाम सुरू झालें तें १९०० सालीं.

परंतु या मालाचा भाव नागपुरास कधींच ठरला नाहीं. १९०५ सालीं रशियांत बंडाळी माजली, कॉकेशसमधील खनिज अडलें आणि आमच्या धोंड्यास सोन्याचे दिवस आले. १९०७ सालीं हिंदुस्थानांतून सुमारें ९ लाख टन खनिज निघालें. पुढच्याच वर्षीं भाव कोसळला. रेल्वे व आगबोटीचें भाडें इतकें जड कीं, उत्तम प्रतीचा धोंडा तेवढा विलायतेस जाई व हलका खाणीपाशीं ढिगांत पडून राही. मध्यप्रांताचा माल समुद्रापर्यंत नेण्याच्या आशेनें विशाखापट्टणचें बंदर बांधलें. तें १९३३ सालीं खुलें झालें तेव्हां जागतिक मंदीनें कित्येक खाणी बंद पडलेल्या होत्या. रोजावर पोट भरणाऱ्या त्या स्त्रीपुरुषांचें पुढें काय झालें, हें कोणी कंपनीच्या ताळेबंदांत लिहीत नसतें.

१९४९ च्या सुमारास रशियानें अमेरिकेस माल देणें आंखडतें घेतलें, तेव्हां पुन्हां भरती आली. ब्राझील व गॅबन येथील खाणी निघाल्यावर ती ओसरली. १९६२ सालीं येथील खाणींसाठीं आजची ‘मॉइल’ स्थापन झाली, व १९७७ पासून ती सर्वस्वीं सरकारी झाली. २०१० सालीं तिचे कांहीं भाग जनतेस विकले गेले.

आतां गंमत अशी कीं, देशांत पोलादाचे कारखाने वाढले आणि उंची खनिज अपुरें पडूं लागलें. दक्षिण आफ्रिका, गॅबन व ऑस्ट्रेलिया येथून तें विकत आणावें लागतें. घरचा निवडक गहूं विकून टाकावा आणि पेरणीच्या वेळीं शेजाऱ्याच्या दारीं जावें, त्यांतलाच हा प्रकार. त्या वेळीं राज्य परक्याचें होतें हें खरें. पण १९४७ नंतरहि कांहीं वर्षें आम्हीं तेंच केलें.

मार्च २०२४ मध्यें ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस ग्रूट आयलंड बेटावर वादळानें खनिज चढविण्याचा धक्का मोडला. थोड्याच महिन्यांत जगभर भाव चढले व भंडाऱ्याच्या डोंगरी बुजुर्ग खाणींतील मालहि महागला. वर्ष संपण्यापूर्वींच ते भाव पुन्हां उतरले.