चोरी गावात, चौकशी बेड्यावर

अकोला जिल्ह्यातल्या अकोट भागात विहिरीवरची केबल गेली किंवा कुणाचं घर फुटलं, की तपास सुरू होण्याआधीच पारावर निकाल लागतो : ‘पारध्यायचंच काम असन.’ बोलणारा माणूस एरवी भला असतो. पण त्याच्या या एका वाक्यामागे दीडशे वर्षांपूर्वीचा कायदा आणि पिढ्यान्‌पिढ्या पाठ झालेले समज उभे आहेत.

गैरसमज : चोरी यांच्या रक्तातच आहे.

या समजुतीला सरकारी शिक्का इंग्रजांनी दिला. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाने काय केलं हे न पाहता, तो कुणाच्या पोटी जन्मला यावरून त्याचं नाव नोंदवायला सुरुवात केली. हजेरी द्यायची, गाव सोडायला परवाना मागायचा. आधी उत्तर हिंदुस्थानात आलेला हा कायदा १९११ मध्ये देशभर पसरला आणि महाराष्ट्रातले पारधी, कैकाडी, रामोशी, भामटा त्यात सापडले. प्रत्यक्षात पारध्यांपैकी फासेपारध्यांचा धंदा फास लावून तितर, लावे, हरणं धरण्याचा. पारध्यांमधलेच टाकणकार घरोघरी जात्या-पाट्यांना टाकी लावून द्यायचे. पिठाच्या गिरण्यांनी जात्याचं काम संपवलं, १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार हाच गुन्हा ठरवला. पोट भरायचे मार्ग असे एकेक बंद झाले. रक्ताचा यात काही संबंध नाही.

गैरसमज : पोलिसांत नोंद आहे, म्हणजे माणूस तसाच असणार.

सगळ्यात जास्त घात हा समज करतो. संशयावरून पोरगा उचलला जातो, नोंद होते. पुढच्या चोरीला त्याच नोंदीवरून त्याला पुन्हा बोलावतात आणि नोंदी वाढत जातात. गावाला त्या नोंदींमधला आकडा दिसतो, किती खटल्यांत तो निर्दोष सुटला हे कुणी विचारत नाही. त्याला सालगडी म्हणून कुणी ठेवत नाही, खोली भाड्याने देत नाही. वकिलासाठी कर्ज होतं ते वेगळंच. अशा वेळी जवळ करतो तो फक्त आधीच वाट चुकलेला सोबती. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एडविन लेमर्टने १९५१ मध्ये एक फरक मांडला : पहिली चूक कुठल्याही कारणाने होते, पण समाजाच्या वागणुकीमुळे माणूस तीच आपली ओळख मानू लागला की पुढची चूक वेगळ्या जातीची असते. हॉवर्ड बेकरने १९६३ मध्ये ‘आउटसायडर्स’ या पुस्तकात हा विचार पुढे नेला.

याचा अर्थ बेड्यावरचं, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवरचं, कुणीच चोरी करत नाही, असा नाही. कुणी करत असेल तर त्याच्यावर खटला चालवा, पुरावा आणा. मात्र त्याच्या भावाला, मेव्हण्याला आणि शेजारच्या पालातल्या म्हाताऱ्याला त्यात ओढू नका.

गैरसमज : कायदा गेला, आता डाग कुठे उरला?

३१ ऑगस्ट १९५२ला गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला, म्हणून हा दिवस विमुक्त दिन. पण त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९चा. कागदावर ते जातीवर नाहीत, तरी नजर तीच राहिली. म्हणूनच ३ ऑक्टोबर २०२४ला तुरुंगांतल्या जातिभेदावरच्या सुकन्या शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला विमुक्त, म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्या, जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असं पोलिसांना बजावावं लागलं.

गैरसमज : यांना शिकायचंच नाही.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळ्याला मतीन भोसले या फासेपारधी शिक्षकाने नोकरी सोडून २०१२ मध्ये ‘प्रश्नचिन्ह’ आश्रमशाळा काढली. भीक मागणारी पोरं तिथे शिकू लागली. २०१९ मध्ये समृद्धी महामार्गासाठी शाळेचं ग्रंथालय आणि वर्गखोल्या पाडल्या गेल्या. शिकलेल्या पोरापुढे आणखी एक अडचण असते. फासेपारधी अनुसूचित जमातीत आहेत, पण दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५०च्या आधीचा पुरावा लागतो. ज्याचा आजा पालात जन्मला आणि शाळेत कधी गेलाच नाही, त्या पोराने तो आणायचा कुठून?