बरे झाल्यावरचे औषध

ताप उतरला की औषधाची बाटली फळीवर ठेवून द्यावयाची, ही आपली जुनी रीत. मनाच्या काही विकारांत मात्र ती घातक ठरते. तीव्र विषादाला चित्तभ्रमाची जोड मिळते तेव्हा रोगी केवळ खिन्न नसतो. आपल्या हातून अक्षम्य पाप घडले, घरदार बुडाले, पोटातील आतडी कुजली, अशी त्याची अढळ समजूत होते. कित्येकांना दूषणे देणारे आवाज ऐकू येतात. अन्नपाणी सुटते आणि आत्महत्येचा धोका फार वाढतो.

विषादनाशक व भ्रमनाशक औषधे एकत्र दिल्याने, किंवा विद्युत्-आघात चिकित्सेने, पुष्कळ रोगी बरे होतात. पण भ्रम निघून गेल्यावरही भ्रमनाशक औषध चालू ठेवावे काय? ऑलान्झपीनसारख्या औषधाने वजन वाढते. तेव्हा ते लवकर थांबवावे, असे वाटणे साहजिकच आहे.

या प्रश्नाचा निर्णय करण्यासाठी कॅनडा व अमेरिका येथे एक प्रयोग झाला. त्याचा वृत्तान्त २०१९ साली प्रसिद्ध झाला. सर्ट्रालीन व ऑलान्झपीन या जोडीने सुधारून आठ आठवडे स्थिर राहिलेल्या १२६ रोग्यांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट केले. सर्ट्रालीन सर्वांनाच चालू राहिले. ६४ जणांना ऑलान्झपीनही मिळत राहिले. उरलेल्या ६२ जणांचे ऑलान्झपीन हळूहळू काढून तशीच दिसणारी, औषधाचा अंश नसलेली गोळी दिली. कोणाला काय मिळते, हे रोग्यास ठाऊक नव्हते आणि परीक्षकासही नव्हते. ३६ आठवड्यांत पहिल्या गटातील १३ जणांचा, तर दुसऱ्यातील ३४ जणांचा रोग उलटला.

याची किंमतही होती. ऑलान्झपीन घेणाऱ्यांचे वजन, कमरेचा घेर व कोलेस्टेरॉल वाढले. शिवाय ते औषध सुटूनही कित्येकांचा रोग त्या मुदतीत उलटला नाही. म्हणजे ते प्रत्येकास अपरिहार्य नसते. परंतु कोणास त्याची गरज आहे, हे चेहऱ्यावरून कळत नाही.

यास्तव बरे वाटू लागले म्हणून औषध आपणहून सोडू नये. कमी करावयाचे तर डॉक्टरांच्या विचाराने, टप्प्याटप्प्याने करावे. वजन व रक्त वेळोवेळी तपासावे. झोप उडाली, जेवण टाळले जाऊ लागले किंवा जुनी पापाची भाषा पुन्हा ओठांवर आली, तर घरच्यांनी विलंब न करता डॉक्टर गाठावा.