मोडीतला गुंड आणि इतर गैरसमज

युरोप-अमेरिकेत १९५०-६० च्या दशकांतली प्यूटरची भांडी जमवणारा मोठा वर्ग आहे. प्यूटर म्हणजे कथलाचा मिश्रधातू: बहुतांश कथील, त्यात थोडे अँटिमनी आणि तांबे. त्या काळच्या साध्या, नक्षी नसलेल्या घडणीचे जग, वाडगे, चहाचे सेट हे लोक हौसेने घेतात. त्यांचे फोटो पाहून भंडाऱ्यातला एखादा हौशी म्हणतो, "आपल्याकडे असलं काही कुठे?" जुन्या भांड्यांबद्दलचा पहिला गैरसमज हाच.

ज्या चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याचे नाव त्या शैलीशी कायमचे जोडले गेले आहे, ते भारत सरकारच्या निमंत्रणावरून इथे आले, देशभर फिरले आणि १९५८ मध्ये त्यांनी एक अहवाल दिला. त्या अहवालाच्या पाठोपाठ १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. या सगळ्या प्रवासात त्यांना सर्वांत सुंदर वाटलेली वस्तू होती आपला साधा लोटा, म्हणजे विदर्भातल्या घरातला गडवा. त्या शैलीच्या बिनीच्या शिलेदारांनी ज्याला पहिला नंबर दिला, ते भांडे पितळनगरी म्हणवणाऱ्या भंडाऱ्यात आज किलोच्या भावाने मोडीत जाते.

भंडाऱ्याच्या पितळकामाबद्दल आणखी एक समजूत ऐकू येते: जिल्ह्यात खाणी आहेत, म्हणून इथे भांडी बनू लागली. खाणी आहेत, पण मँगनीजच्या. तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींचा पितळेशी संबंध नाही. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातली मलाजखंडची तांब्याची खाण सुरू झाली ती १९८२ मध्ये, म्हणजे घराघरांतून पितळ बाहेर पडू लागल्यानंतर. मँगनीज लागते पोलाद बनवायला. जिल्ह्यातल्या पितळेला ज्या स्टीलने हुसकावले, त्या धंद्याचा कच्चा माल मात्र याच मातीतून जातो! पितळकामाला धातू बाहेरून यायचा, नाहीतर मोडीतून. पाणी भरायचा फुटका गुंड, झिजलेली परात वितळवून नवे भांडे व्हायचे. म्हणून जुना नग शोधायला भांडी बनणाऱ्या बाजारात जाणे मला फारसे शहाणपणाचे वाटत नाही. तिथे जुने टिकायचे कशाला? ते टिकले खेड्यातल्या माळ्यावर, धानाच्या कणगीमागे.

"काळं पडलंय, हिरवं चढलंय, म्हणजे नक्की शंभर वर्षांचं." विकणाऱ्याचे हे आवडते वाक्य. तांब्या-पितळेवरचा काळपटपणा ओलसर कोपऱ्यात काही महिन्यांत येतो, आणि रसायने लावून काही दिवसांत आणताही येतो. वय रंगावरून नव्हे, घडणीवरून आणि झिजेवरून ओळखायचे. बूड कुठे घासले आहे, काठ कुठे हाताने गुळगुळीत झाला आहे, ते पाहा. खरी झीज जिथे हात लागतो आणि जिथे भांडे टेकते तिथेच असते. बनावट झीज सगळीकडे सारखी असते.

गुंडाच्या किंवा कळशीच्या पोटावर आडवी, दातेरी रेघ दिसली की गिऱ्हाईक "तडा गेलाय" म्हणून मागे फिरते. तो तडा नसतो. दोन अर्धे भाग ठोकून, त्यांचे दाते एकमेकांत बसवून डाक देऊन जोडलेल्या भांड्याचा तो सांधा आहे. हातकामाची इतकी स्पष्ट खूण दुसरी नाही. उलट ठोक्यांच्या खुणांवर आंधळा विश्वास ठेवू नका. आता यंत्राचा छाप मारूनही त्या उठवतात. हातोडीचे ठोके ओळीत फिरतात, पण त्यातला एकही दुसऱ्यासारखा तंतोतंत नसतो.

आता नावाची गोष्ट. लग्नात, मुंजीत दिलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख कोरायची आपली जुनी रीत. "नाव आहे, भाव कमी लागेल," असे दुकानदार सांगतो, आणि काही लोक तर घेतल्यावर ते नाव घासून काढतात. संग्राहकाच्या दृष्टीने याहून मोठे नुकसान नाही. परदेशी प्यूटरच्या बुडाशी बनवणाऱ्याचा शिक्का असतो, त्यावरून त्याचा काळ ठरवता येतो. आपल्या भांड्यांवर कारागिराचे नाव सहसा नसते. असते ते आत्याचे, मामाचे, एखाद्या मंडळाचे. तेवढाच आपला कागद. मात्र तो नीट वाचायला हवा. कोरलेली तारीख भेटीची असते, घडणीची नव्हे. आजीचाच हंडा नव्याने नाव घालून नातीला दिल्याचीही उदाहरणे घराघरांत असतात. धान्य मोजायच्या मापांवरून आणखी एक धागा मिळतो. मेट्रिक वजने-मापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि एप्रिल १९६२ पासून बंधनकारक झाली. शेराचे शिक्कामोर्तब झालेले माप १९६२ च्या आधीचे, लिटरचे १९५८ च्या नंतरचे.

राखाडी भांड्यांबद्दल तर सगळाच घोटाळा. आपल्याकडे "जर्मनचा गंज" म्हणतात ते पातेले ॲल्युमिनियमचे, उचलले की हलके. जर्मन सिल्व्हर वेगळे: तांबे, निकेल आणि जस्त, चांदी त्यात औषधालाही नाही. प्यूटर या दोघांहून निराळे. ॲल्युमिनियमच्या अडीचपटीहून जड, मऊ, आणि ओरखडा लगेच उठणारे. ते चुलीवर ठेवून पाहायचा मोह आवरा. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, प्यूटरही त्याच्याच आसपास. जुन्या प्यूटरमध्ये शिसे असायचे. त्यामुळे बनवणाऱ्याची खात्री नसेल तर तो जग कपाटातच शोभतो, त्यात ताक किंवा सरबत नको. लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे धातू अस्सल, हीसुद्धा अर्धी गोष्ट आहे. चुंबकाने फक्त पितळेचा मुलामा दिलेले लोखंड पकडले जाते. तांबे, पितळ, कासे, कथील, ॲल्युमिनियम यांतल्या कशालाच तो चिकटत नाही.

आरोग्याच्या नावाने चाललेला प्रचार मात्र थोडा खोलात जाऊन पाहायला हवा. "तांब्या-पितळेत केलेले सगळेच पौष्टिक," असे सर्रास सांगितले जाते. पिण्याचे पाणी तांब्याच्या भांड्यात ठेवणे वेगळे आणि चिंचेची आमटी उघड्या पितळेत उकळणे वेगळे. आंबट पदार्थ तांबे आणि जस्त ओढून घेतो. म्हणून तर ताक पितळेत कळकते. आपल्या आज्यांना हे ठाऊक होते, म्हणून कल्हईवाल्याची हाक आली की भांडी बाहेर निघायची. तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकून कथलाचा पातळ थर कापसाने फिरवायचा, की अन्न आणि पितळ यांच्यात आडपडदा तयार. कायदाही हेच सांगतो: नीट कल्हई नसलेले तांब्या-पितळेचे भांडे अन्नासाठी अयोग्य धरले जाते. कल्हईचे कथील शुद्ध हवे, त्यात शिशाची भेसळ नको. कल्हईचे भांडे रिकामे आचेवर ठेवू नये, त्यात तळण करू नये, तारेने घासू नये. चंदेरी थरातून पिवळे डोकावू लागले की त्यातला स्वयंपाक थांबवावा.

काशाचे प्रकरण निराळे. तांबे सुमारे ७८ टक्के आणि उरलेले कथील, त्यामुळे ते कडक आणि ठिसूळ. टिचकी मारली तर लांब घुमते. आवाज बोदा आला तर कुठेतरी चीर आहे. पितळेची थाळी पडली की तिला पोचा येतो, काशाची फुटते.

जुने भांडे घरी आणल्याबरोबर चिंच-मीठ लावून आरशासारखे करायची घाई कशाला? आम्लाने पितळेतले जस्त निघते आणि तांबूस डाग उरतात, वर कोरीव अक्षरेही झिजतात. सौम्य साबण, कोमट पाणी, लगेच कोरडे पुसणे, इतके पुरते.

शेवटी कायदा. "जुने ते अँटिक" असे कायदा म्हणत नाही. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यात पुरावस्तूला किमान शंभर वर्षांची अट आहे, आणि तसली वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. १९६० चा गुंड त्यात बसत नाही. तो बिनघोर घ्या, पण त्याला 'अँटिक' म्हणून दुप्पट पैसे मोजू नका. मात्र जमिनीत सापडलेले भांडे ज्याला सापडले त्याचे, हा समज महागात पडू शकतो. पवनीसारख्या गावी, जिथे १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूप निघाले, तिथे हे विशेष लक्षात ठेवावे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. भांडे अर्धवट दिसले तर उकरू नका, धुऊ नका. जसे आहे तसे ठेवून आधी तहसील कार्यालय गाठा.