बॅटरीलाही माप असतं, भाऊ!

लकडगंजात टेपशिवाय व्यवहार होत नाही. टालीवर सागाची फळी उचलली की आधी लांबी, मग रुंदी, मग जाडी. तोंडी सांगितलेल्या मापावर इथं कुणी पैसे काढत नाही. माझे बाबा अशाच एका टालीवर हिशेब पाहतात. घरात साधा परदा शिवायचा असला तरी ते खिडकीला दोनदा टेप लावतात. तरी मागच्या डिसेंबरमध्ये आमच्या घरात एक वस्तू बिनमापाची आली. गाडीची बॅटरी.

आमची गाडी सेकंडहँड. पेट्रोल हॅचबॅक, वय आठ वर्षं. त्या दिवशी आजीला डोळ्यांच्या तपासणीसाठी मेयोत न्यायचं होतं. सकाळची थंडी, आजी शाल गुंडाळून मागच्या सीटवर बसलेली. मी किल्ली फिरवली तर नुसतं ‘टक्’. परत फिरवली, परत ‘टक्’. आजी म्हणाली, ‘‘राहू दे बाप्पा, ऑटोनं जाऊ.’’ आम्ही ऑटोनं गेलो आणि संध्याकाळी बाबा नवी बॅटरी घेऊन आले.

जुनीवर ४४ एएच लिहिलं होतं. दुकानदार म्हणाला, ‘‘चव्वेचाळीसची आत्ता नाही, पंचेचाळीसची घेऊन जा. एक जास्तच भेटून राहिला न तुम्हाले!’’ बाबांना पटलं. मलाही पटलं. खोटं कशाला बोलू?

बसवताना मात्र ती ट्रेमध्ये नीट बसेना. एका बाजूनं लांब पडत होती, दुसऱ्या बाजूला चांगली चार बोटं फट राहत होती. शेवटी टालीवरचा लाकडाचा एक तुकडा आणून फटीत ठोकला. टर्मिनलवरचे क्लॅम्प ढिले होते, तिथं पत्र्याच्या पट्ट्या कोंबल्या. गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. आम्ही खूश!

महिनाभरानं एका स्पीडब्रेकरवर गाडी जरा जोरात आदळली. समोरून ‘फट्’ आवाज आला, गाडी बंद आणि रबर जळाल्याचा वास. बॉनेट उघडलं तर आतल्या बाजूला रुपयाएवढा काळा डाग. बॅटरीचं पॉझिटिव्ह टर्मिनल उसळून बॉनेटच्या पत्र्याला टेकलं होतं. मेकॅनिक काकांनी लाकडाचा तुकडा बाहेर काढला, हातात फिरवून पाहिला आणि म्हणाले, ‘‘काहून बे, लकडगंजात राहून फळी मोजून घेतं, अन् बॅटरी काहून बिना मापाची घेतली?’’

फरक एकाचा नव्हता

मग काकांनी टेप मागवला. आमच्या गाडीला ‘डीआयएन ४४’ प्रकारची बॅटरी लागते. हे जर्मन पद्धतीचं माप: साधारण २०७ मिलिमीटर लांब, १७५ रुंद, १९० उंच. हिची टर्मिनल्स वरच्या खाचेत बसतात, डब्याच्या बाहेर डोकावत नाहीत. ट्रे तिला खालच्या कडेला पकडतो.

आम्ही आणलेली होती जपानी पद्धतीची बी२४. ती साधारण २३८ लांब, १२९ रुंद आणि टर्मिनलसह २२५ मिलिमीटरच्या आसपास उंच. तिला वरून आडवी पट्टी लावून आवळतात. आमच्या ट्रेमध्ये तशी पट्टीच नाही. म्हणजे बॅटरी तीन सेंटिमीटर जास्त लांब, साडेचार सेंटिमीटर कमी रुंद, साडेतीन सेंटिमीटर जास्त उंच आणि वर मोकाट! एएच मात्र ४४च्या जागी ४५, म्हणजे जवळपास सारखं. आम्ही नेमका तोच एक आकडा पाहिला.

गाडीचा सगळा पत्रा निगेटिव्हला जोडलेला असतो. त्यामुळे पॉझिटिव्ह टर्मिनल बॉनेटला टेकलं की सरळ शॉर्ट सर्किट, आणि वाटेत अडवायला काहीही नाही. बॅटरी त्या क्षणी शेकडो अ‍ॅम्पिअर ओतू शकते. आमचं एका डागावर निभावलं. आग लागायलाही एवढंच कारण पुरतं.

पत्र्याच्या पट्ट्यांचा खुलासाही झाला. टर्मिनल दोन जाडीत येतात. जाड प्रकारात पॉझिटिव्ह १९.५ मिलिमीटर, बारीक प्रकारात १४.७. जाडीचा क्लॅम्प बारकीवर कधीच घट्ट बसत नाही. ढिल्या जोडाला ठिणग्या उडतात, तो तापतो आणि सेल्फ मारताना लागणारा करंट पूर्ण पोचत नाही.

डब्यावरचं कोडं

तुमच्या घरच्या गाडीच्या बॅटरीवर बहुतेक ‘३८बी२०एल’सारखं काहीतरी लिहिलेलं असेल. छोट्या गाड्यांमध्ये हे नेहमी दिसतं. हे कोडं सुटायला पाच मिनिटं लागतात.

३८ हा आकडा एएच नाही! तो बॅटरीचा जोर आणि साठा मिळून काढलेला दर्जा आहे. या बॅटरीचं एएच सहसा ३५ असतं. ‘बी’ हे अक्षर रुंदी आणि उंचीचा गट सांगतं. ‘बी’ म्हणजे सडपातळ डबा, ‘डी’ म्हणजे त्याहून रुंद. २० म्हणजे लांबी, अंदाजे २० सेंटिमीटर. शेवटचं ‘एल’ किंवा ‘आर’ सांगतं की टर्मिनल कोणत्या बाजूला आहेत. डावं-उजवं कुठून पाहायचं यावर वाद घालत बसू नका, अक्षर जुळवा. ते चुकलं तर गाडीची वायर टर्मिनलपर्यंत पोचत नाही. ओढूनताणून उलट जोडली तर फ्यूज उडतात आणि इलेक्ट्रॉनिक्सचं नुकसान होऊ शकतं.

किती वेळ आणि किती जोर

फिजिक्स सोडलेल्यांसाठी थोडक्यात. एएच म्हणजे अ‍ॅम्पिअर-अवर. ३५ एएचची बॅटरी २० तास सलग पावणेदोन अ‍ॅम्पिअर देऊ शकते. म्हणजे हा साठा. रात्री आतला ५ वॉटचा दिवा चालू राहिला तर तो सुमारे ०.४ अ‍ॅम्पिअर खातो. एका रात्रीत चांगली बॅटरी मरत नाही, पण दोन दिवसांत अर्धी होते.

सेल्फचा हिशेब वेगळा. छोटी पेट्रोल गाडी सुरू होताना शंभर-दीडशे अ‍ॅम्पिअर ओढते, पण फक्त एक-दोन सेकंद. साठ्यातून ०.१ एएचसुद्धा जात नाही. इथं लागतो तो एका दमात जोर. त्याचा आकडा म्हणजे सीसीए, कोल्ड क्रँकिंग अ‍ॅम्पिअर. उणे १८ अंशांत बॅटरी ३० सेकंद किती करंट देते ते यातून कळतं. नागपुरात उणे १८ होत नाही, पण दोन बॅटऱ्यांची तुलना करायला आकडा कामाचा. डिझेल गाडीला जोर जास्त लागतो, म्हणून तिची बॅटरी मोठी.

‘मोठी घातली तर वायरिंग जळते’ हे तुम्ही ऐकलं असेल. तसं होत नाही. सेल्फ त्याला हवा तेवढाच करंट ओढतो. कंपनीनं त्याच गाडीसाठी थोडी जास्त एएचची बॅटरी सांगितली असेल आणि ती ट्रेमध्ये बसत असेल तर बिनधास्त घ्या. फक्त रोजचा प्रवास घर ते कॉलेज एवढाच असेल, तर मोठा साठा पूर्ण भरायला वेळच मिळत नाही आणि अर्धवट भरलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी लवकर खराब होते. छोटी घालून पैसे वाचवायला गेलात तर थंडीत ती दगा देणारच.

सिग्नलवर आपोआप बंद होऊन परत सुरू होणारी गाडी असेल तर तिला ईएफबी किंवा एजीएम प्रकारची बॅटरी लागते. तिथं स्वस्तातली साधी घालू नका. इलेक्ट्रिक कारला बॅटरीची चिंता नाही असं वाटत असेल, तर त्यातही सहसा १२ व्होल्टची एक वेगळी छोटी बॅटरी असतेच.

मारतं ऊन, नाव थंडीचं

आमची जुनी बॅटरी डिसेंबरमध्ये गेली, म्हणून आम्ही थंडीला दोष दिला. खरा गुन्हेगार मे महिना. आपल्या शहरात पारा ४७ अंशांच्या पुढे गेलेला आहे, आणि बॉनेटखाली त्याहून जास्त. उष्णतेनं बॅटरीतलं पाणी उडतं, आतल्या जाळ्या झपाट्यानं गंजतात. उन्हाळ्यात इंजिन हलकं फिरतं, म्हणून दुखणं झाकून राहतं. अधिवेशनाच्या दिवसांत गारठा पडला, तेल घट्ट झालं की एका सकाळी ‘टक्’.

दुकानात जाण्याआधी

आधी बॅटरीच गेली आहे का ते बघा. रात्रभर उभ्या गाडीत मल्टिमीटर लावला तर भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे अर्धी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ यायला हवेत. नाही आले तर डायनामो तपासा, नाहीतर नवीन बॅटरीही आठवड्यात झोपेल.

मग गाडीचं मॅन्युअल काढा. जुन्या लेबलवर आंधळा विश्वास नको. सेकंडहँड गाडीत आधीच्या मालकानंच चुकीची घातलेली असू शकते. ट्रेची लांबी, रुंदी मोजा, बॉनेटपर्यंतची उंची बघा, टर्मिनलचा फोटो घ्या. दुकानात बॅटरीवरची उत्पादनाची तारीख विचारा आणि वॉरंटी कार्डावर शिक्का घ्या. वॉरंटीत ‘फुकट बदलून’ किती महिने आणि ‘प्रोरेटा’ किती महिने ते वेगवेगळं विचारा. प्रोरेटात नवी बॅटरी फुकट नाही, काही सूट देऊन मिळते.

स्वतः काढणार असाल तर आधी निगेटिव्ह सोडा. लावताना निगेटिव्ह शेवटी. पाना पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. जुनी बॅटरी दुकानातच परत द्या. २०२२च्या नियमांप्रमाणे ती गोळा करून रिसायकल करण्याची जबाबदारी कंपन्यांवर आहे, आणि बदल्यात पैसेही कमी होतात. आतलं शिसं आणि आम्ल नाल्यात जाण्याच्या लायकीचं नाही.

आमच्या दुकानदारानं ती बॅटरी ‘वापरलेली’ म्हणून बऱ्याच कमी पैशांत परत घेतली. फरकाची रक्कम माझ्या लॅपटॉपसाठी साठवलेल्या पैशांतून गेली. बाबा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी योग्य मापाची बॅटरी आणायला आम्ही दोघं गेलो. या वेळी बाबांच्या खिशात टालीवरचा टेप होता. दुकानदार हसला. बाबा नाही हसले. त्यांनी लांबी मोजली, रुंदी मोजली, उंची मोजली, मग पैसे काढले.

पुढच्या तपासणीला आजी गाडीनंच गेली.